ट्रॉफी घ्यायची आणि हॉटेलात ठिय्या द्यायचा: नायजेरियाच्या सुपर फाल्कन्सची गोष्ट

नमस्कार मंडळी!

आज सुरुवातीलाच एक प्रश्न. महिला फुटबॉलचा वर्ल्ड कप 1991 ते 2023 या काळात 9 वेळा झाला. या नऊच्या नऊ वर्ल्ड कपमध्ये खेळलेले देश किती असतील? फक्त 7. अमेरिका, जर्मनी, ब्राझील, जपान, स्वीडन, नॉर्वे ही सहा नावं तुम्ही पटापट सांगाल. सातव्या नावाला मात्र बहुतेक जण अडखळतात. इंग्लंड? नाही. फ्रान्स? तेही नाही. चीनने तर पहिला वर्ल्ड कप भरवला होता, पण 2011 साली तोही पात्र ठरला नाही.

सातवा देश आहे नायजेरिया.

(स्क्रीनवर: हिरव्या जर्सीतला संघ, खाली नाव 'सुपर फाल्कन्स')

सुपर फाल्कन्सनी आफ्रिकेचं विजेतेपद 10 वेळा जिंकलंय. आता एवढं यश म्हटल्यावर आपल्याला वाटतं, या मुलींना डोक्यावर घेऊन नाचत असतील. नाचतात ना, एक-दोन दिवस नाचतात. आणि मग याच मुली कुठल्यातरी हॉटेलात ठिय्या देऊन बसलेल्या दिसतात. 'आमचे ठरलेले पैसे द्या, मगच खोली सोडू.' 2004 ला जोहान्सबर्गमध्ये, 2016 ला राजधानी अबुजात, 2019 ला फ्रान्समध्ये. म्हणून या संघाची गोष्ट सांगायची तर गोल आणि थकबाकी, दोन्हींचा हिशोब मांडावा लागतो. आज तोच मांडू.

सुरुवात 1991 पासून करू. त्याआधी तिथे मुली खेळत नव्हत्या असं अजिबात नाही. 80 च्या दशकात लागोस आणि आसपासच्या शहरांत मुलींचे क्लब उभे राहिले, तेही बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या खिशातून. 1990 मध्ये प्रिन्सेस बोला जेगेडे यांनी देशपातळीवर मुलींची स्पर्धा भरवली. तेवढ्यात फिफाने महिलांचा पहिला वर्ल्ड कप जाहीर केला आणि आफ्रिकेला त्यात एक जागा दिली. नायजेरियाने संघ उभा केला. फेब्रुवारी 1991 मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, समोर शेजारचा घाना. निकाल 5-1. पुढे कॅमेरूनलाही हरवलं आणि संघ थेट चीनला.

तिथे मात्र चांगलाच हिसका बसला. जर्मनीने 4 गोल घातले, इटलीने 1. तिसरा सामना तैवानशी होता, फुटबॉलमध्ये ते 'चायनीज तैपेई' नावाने खेळतात. या सामन्यात सहाव्याच मिनिटाला तैवानच्या गोलकीपरला रेड कार्ड मिळालं. म्हणजे जवळजवळ अख्खा सामना समोर 10 जणी. तरी नायजेरिया 0-2 ने हरली! तीन सामने, तीन पराभव, आणि स्वतःचा गोल एकही नाही. 1995 ला स्वीडनमध्ये पहिल्याच सामन्यात नॉर्वेने 8-0 ने धुतलं. पुढच्या सामन्यात कॅनडाशी 3-3 अशी बरोबरी झाली आणि वर्ल्ड कपमधला पहिला गुण हाती लागला.

हे आकडे मुद्दाम सांगतोय, कारण आता चारच वर्षांनी काय झालं ते बघा.

1998 ला आफ्रिकेची स्पर्धा नायजेरियातच झाली. मोरोक्कोला त्यांनी 8-0 ने हरवलं. हा 8-0 आणि हा मोरोक्को, दोन्ही लक्षात ठेवा, नंतर लागणार आहेत. फायनलमध्ये घानाला 2-0 ने हरवलं आणि 1999 च्या वर्ल्ड कपसाठी अमेरिका गाठली. प्रशिक्षक इस्माइला माबो. कॅप्टन फ्लोरेन्स ओमाग्बेमी. पुढे मर्सी अकिडे, जिला 2001 साली आफ्रिकेची पहिली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून गौरवलं गेलं. आणि न्किरू ओकोसिएमे. ही बाई हेडरने इतके गोल करायची की तिला सगळे 'हेडमिस्ट्रेस' म्हणायचे. मला फुटबॉलमधली जी टोपणनावं माहीत आहेत, त्यात याला तोड नाही.

पहिल्या सामन्यात उत्तर कोरियाला 2-1 ने हरवलं. वर्ल्ड कपमधला पहिला विजय! दुसरा सामना शिकागोत, सोल्जर फील्डवर, समोर यजमान अमेरिका आणि स्टेडियममध्ये 65 हजार लोक. दुसऱ्याच मिनिटाला ओकोसिएमेने गोल केला. अख्खं स्टेडियम गप्प. अर्थात हे सुख फार टिकलं नाही, अमेरिकेने नंतर 7 गोल केले. इतका मार खाल्ल्यावर एखादा संघ मोडून पडला असता, पण यांनी पुढच्या सामन्यात डेन्मार्कला 2-0 ने हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. आफ्रिकेचा कुठलाही महिला संघ तिथवर पहिल्यांदाच पोहोचला होता.

आता समोर ब्राझील. सामना वॉशिंग्टनजवळच्या लँडओव्हरमध्ये. मध्यंतराला ब्राझील 3-0 ने पुढे. टीव्ही बंद करून झोपायला जावं अशी अवस्था. 63 व्या मिनिटाला प्रिस्का एमेओन्वूने एक गोल फेडला. 72 व्या मिनिटाला ओकोसिएमे. आणि 85 व्या मिनिटाला न्केची एग्बे. तीन-तीन! पुढच्या दोनच मिनिटांत पेशन्स आव्रेला दुसरं यलो कार्ड मिळून ती बाहेर. म्हणजे जादा वेळेत नायजेरियाच्या 10 जणी. त्या काळी 'गोल्डन गोल'चा नियम होता, जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो तिथल्या तिथे जिंकला. 104 व्या मिनिटाला ब्राझीलला गोलपासून लांबवर फ्री किक मिळाली. सिसी पुढे आली आणि तिने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात घातला. खेळ खलास.

नायजेरिया हरली त्या दिवशी. पण ज्या संघाने आठ वर्षांपूर्वी एकही गोल केला नव्हता, त्याने ब्राझीलचे तीन गोल फेडले होते. माझ्या मते नायजेरियाचा हा संघ आजवरचा सगळ्यात भारी. 2023 चा संघ त्याच्या जवळ जातो, पण जवळच.

यानंतरची काही वर्षं आफ्रिकेत त्यांना हात लावणारं कुणी नव्हतं. 2000, 2002, 2004, 2006, सगळ्या ट्रॉफ्या यांच्याच. 2004 च्या फायनलमध्ये, जोहान्सबर्गला, कॅमेरूनला 5-0 ने हरवलं आणि त्यातले 4 गोल एकट्या पर्पेच्युआ न्क्वोचाचे. फायनलमध्ये चार!

आणि त्याच जोहान्सबर्गमध्ये तो दुसरा हिशोब सुरू झाला. ठरलेला बोनस मिळाला नाही म्हणून चॅम्पियन संघ तीन दिवस हॉटेलातून हललाच नाही.

(थोडा थांबा. इथे संगीत नको.)

आता तुम्ही म्हणाल, एखाद्या वेळी होतं असं. ठीक. मग 2016 घ्या. डिसेंबरच्या 3 तारखेला याउंडेमध्ये फायनल. यजमान कॅमेरून, त्यांच्याच गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये. 84 व्या मिनिटाला डिझायर ओपारानोझीने गोल केला, 1-0, आठवं विजेतेपद. प्रशिक्षक कोण? 1999 ची कॅप्टन फ्लोरेन्स ओमाग्बेमी. संघ अबुजाला परतला आणि तिथून खेळाडू घरी गेल्याच नाहीत. पैसे आले नव्हते, मग त्या हॉटेलातच राहिल्या. एक आठवडा उलटला, दुसरा सुरू झाला. 14 डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बुहारी संसदेत बजेट मांडणार होते. बरोबर त्याच दिवशी या मुली हातात फलक घेऊन संसदेवर चालत गेल्या. दिवस कसा नेमका हेरला बघा! त्यानंतर दोन-चार दिवसांत पैसे सुटले.

पण त्या काळात क्रीडामंत्री सोलोमन डालुंग यांनी जे उत्तर दिलं, ते या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी जातं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की संघ जिंकेल हे कुणाला माहीत होतं? खात्री असती तर पैशांची तयारी करून ठेवली असती.

सात वेळा आधी जिंकलेला संघ! त्यांच्या जिंकण्याची खात्री नव्हती म्हणे. मला उलटच वाटतं. खात्री इतकी होती की काळजी घ्यायची गरजच वाटली नाही. कॅम्प नाही भरवला तरी जिंकतात, पैसे थकवले तरी जिंकतात, मग खर्च करायचा कशाला? घरातली एक सून न बोलता सगळं निभावते म्हटल्यावर तिला काही लागतं का, हे कुणी विचारत नाही, त्यातलाच प्रकार.

2019 ला फ्रान्समध्ये परत तेच. ग्रेनोबलला जर्मनीकडून 0-3 ने हरून संघ बाहेर पडला, आणि हॉटेलात ठिय्या. या वेळी मागणीत काही वर्षांपूर्वीच्या सामन्यांचीही थकबाकी होती. वर्ल्ड कप चालू असताना, जगभरचे पत्रकार तिथे असताना. 2016 च्या बजेटच्या दिवसासारखंच, या मुलींना वेळ साधायची कला आता चांगली अवगत झाली होती.

तोवर बाकीचे थांबले नव्हते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला मोरोक्को आठवतोय? 8-0 ने हरलेला? त्यांनी मैदानं बांधली, अकादमी उभी केली, महिलांसाठी दोन पातळ्यांवर व्यावसायिक लीग सुरू केली. 2022 ला आफ्रिकेची स्पर्धा त्यांनी स्वतःच्या घरी भरवली. उपांत्य फेरीत नायजेरियाच्या दोन खेळाडूंना रेड कार्ड मिळालं, 9 जणींनी किल्ला लढवून सामना 1-1 वर रोखला, पण पेनल्टीवर मोरोक्को जिंकली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याआधी पैशांवरून सरावावर बहिष्कार, आणि सामना झांबियाकडून 0-1. संघ चौथा. ट्रॉफी गेली दक्षिण आफ्रिकेकडे.

त्याच वर्षी, ऑक्टोबर 2022 मध्ये, नायजेरियाचा एक संघ आपल्याकडे आला होता. हो, 17 वर्षांखालील मुलींचा वर्ल्ड कप! त्यांच्या या संघाला 'फ्लेमिंगोज' म्हणतात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांनी पेनल्टीवर अमेरिकेला बाहेर काढलं. मग गोव्यात, फातोर्डाला, उपांत्य फेरीत कोलंबियाकडून पेनल्टीवरच हरल्या. आणि परत नेरूळला येऊन जर्मनीविरुद्ध 3-0 ची आघाडी घेतली, ती घालवली, 3-3 झालं, आणि शेवटी पेनल्टीवर कांस्यपदक घेऊन गेल्या. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी स्टेडियममध्ये असाल तर कॉमेंटमध्ये नक्की सांगा. तिथे शिटी वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना या मुलींच्या मोठ्या बहिणींचा हा इतिहास ठाऊक होता, देव जाणे.

2023, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला वर्ल्ड कप. स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षक रँडी वॉल्ड्रम यांनीच जाहीरपणे सांगितलं की माझा पगार थकलाय, खेळाडूंचे पैसे थकलेत, पुरेसा कॅम्पही झालेला नाही. आणि मग? कॅनडा त्या वेळी ऑलिंपिक विजेता संघ. त्यांची क्रिस्टीन सिंक्लेअर पेनल्टीला आली, आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये तिच्याइतके गोल कुणाच्याच नावावर नाहीत. गोलमध्ये चियामाका न्नाडोझी. पेनल्टी अडवली, सामना 0-0. पुढे ब्रिस्बेनमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला 3-2. तिसरा गोल असिसात ओशोआलाचा. गोल करून तिने जर्सीच काढून फिरवली, यलो कार्ड घेतलं, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलेलं दिसलं नाही. लागोसजवळच्या इकोरोडूची ही मुलगी, बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीग जिंकलेली, सहा वेळा आफ्रिकेची सर्वोत्तम खेळाडू.

बाद फेरीत इंग्लंडशी 120 मिनिटं 0-0. इंग्लंडच्या लॉरेन जेम्सने मिशेल अलोझीच्या पाठीवर पाय दिला आणि रेड कार्ड घेतलं, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. ही अलोझी फुटबॉल सांभाळून ह्यूस्टनच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये कर्करोग संशोधनाचं काम करत होती. पेनल्टीवर इंग्लंड 4-2 ने जिंकलं. हीच इंग्लंड पुढे फायनल खेळली.

या वर्ल्ड कपमध्ये फिफाने एक गोष्ट केली. प्रत्येक खेळाडूच्या वाट्याची रक्कम ठरवून दिली, गटातच बाहेर पडलात तरी 30 हजार डॉलर. असा आकडा आधीच जाहीर झाला की देशाच्या फुटबॉल फेडरेशनला तो लपवता येत नाही, आणि खेळाडूला नेमकं काय मागायचं ते कळतं.

आता 26 जुलै 2025. रबात. आफ्रिकेची फायनल, समोर यजमान मोरोक्को. अर्ध्या तासात मोरोक्को 2-0 ने पुढे, स्टेडियम पेटलेलं. दुसऱ्या अर्धात एस्थर ओकोरोन्क्वोने पेनल्टीवर एक गोल फेडला. मग तिच्याच पासवर फोलाशादे इजामिलुसीने दुसरा. आणि 88 व्या मिनिटाला ओकोरोन्क्वोच्याच फ्री किकवर जेनिफर एचेगिनीने तिसरा. 3-2. दहावी ट्रॉफी. कॅप्टन रशीदात अजिबादे स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू. फेडरेशनने या मोहिमेला 'मिशन एक्स' नाव दिलं होतं, दहासाठीचा रोमन आकडा. चला, निदान नाव देण्यात तरी या वेळी हात आखडता घेतला नाही.

या वेळी हॉटेलात बसायची वेळ आली नाही. संघ अबुजात उतरला, राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी स्वागत केलं आणि प्रत्येक खेळाडूला 1 लाख डॉलरइतकी रक्कम, तीन बेडरूमचा फ्लॅट आणि राष्ट्रीय सन्मान जाहीर केला. मला मनापासून आनंद झाला. पण बक्षीस वेगळं आणि पगार वेगळा. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, आणि फक्त जिंकलं तरच मिळतं. कॅम्पचा भत्ता, सामन्याचं मानधन, हरल्यावरही मिळायला हवे असे पैसे, यांचा करार वेगळा लागतो. 2004 पासून या मुली मागतायत ते तेवढंच.

आणि घरांच्या घोषणेचं म्हणाल, तर नायजेरियात तीही नवी नाही. 1994 साली पुरुषांच्या संघाने आफ्रिकेचा कप जिंकला तेव्हा सरकारने अशीच घरं जाहीर केली होती. त्या संघाचे प्रशिक्षक क्लेमेन्स वेस्टरहॉफ यांना आपलं घर मिळायला वीस वर्षांहून जास्त काळ लागला.