साक्ष कुणाची?

(सीमाभागातल्या एका गावच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

बाहेरच्या फलकावर माझा विषय 'मातृत्वाचा सन्मान' असा लिहिलाय. मी कळवलेला विषय 'गर्भपात' होता. संयोजकांचा फोन आला, "डॉक्टरीणबाई, बायका-पोरं येतात, जरा सौम्य नाव द्या की." म्हटलं, बायका येणार असतील तर काय हवं ते लिहा. आता बघते तर पुढच्या चार रांगा पुरुषांच्या. असू दे. तुम्हीही ऐकायलाच हवं.

तीस वर्षं मी या भागात बाळंतपणं केली. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या, हुक्केरी-संकेश्वरच्या, चंदगडच्या बायका यायच्या. मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी सगळ्या बोली कानावरून गेल्या, पण 'गर्भपात' हा शब्द एकीच्याही तोंडून ऐकला नाही. "पिशवी साफ करायची हाय." "राहिलंय, नको हाय." "पाळी यायची गोळी द्या." म्हाताऱ्या तेवढ्या सरळ "पाडायचं" म्हणायच्या.

आणि जिला दिवस गेलेत ती 'दोन जिवांची'. हा शब्द नुसता गोड नाही. जगभर ज्यावर भांडणं चालली आहेत तो सगळा पेच त्यात आहे. जीव दोन, पण बाई एकच. 'डोहाळे' घ्या. तो संस्कृत 'दोहद'वरून आला. सुश्रुत सांगतो, चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, तेव्हापासून ती बाई दोन हृदयांची, 'दौहृदिनी'. भाषेचे अभ्यासक या फोडीवर वाद घालतात, घालोत. माझ्या कन्नड पेशंट याच डोहाळ्यांना 'बयके' म्हणतात. बयके म्हणजे इच्छा. एका भाषेत दोन हृदयं, दुसऱ्या भाषेत बाईची इच्छा. सीमाभागात राहण्याचे थोडेफार फायदे आहेत, त्यातला हा एक.

आता हा चौथा महिना कुठून आला? इस्लामी धर्मशास्त्रात बऱ्याच पंडितांनी एकशे वीस दिवस धरले आहेत, तेव्हा गर्भात रूह येते म्हणून. इंग्रजांचा जुना कायदा पोटातल्या हालचालीला महत्त्व द्यायचा. त्यांनी १८६० साली आपल्यासाठी दंडसंहिता लिहिली, तिच्यातही गर्भपाताला तीन वर्षं, आणि गर्भ हलायला लागल्यावर केला तर सात वर्षं शिक्षा. सुश्रुत, मौलवी, इंग्रज न्यायाधीश यांची कधी बैठक झालेली नाही. मग सगळे त्याच सुमाराला का घुटमळतात? कारण साधं आहे. बाळ हललेलं बाईला त्याच सुमारास कळतं. पहिलटकरणीला अठरा-वीस आठवड्यांनी, आधी बाळंत झालेलीला थोडं लवकर. "हललं गं बाई," असं ती म्हणायची आणि घर मान्य करायचं. पोटात जीव आहे याची दुसरी साक्षच नव्हती. धर्मग्रंथ पुरुषांनी लिहिले, पण साक्ष बाईचीच घ्यावी लागली.

मग मशीन आलं. पडद्यावर सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोका लुकलुकताना दिसतो. मला सोनोग्राफीबद्दल तक्रार करायची नाही. नळीत राहिलेला गर्भ वेळेत दिसला म्हणून कित्येक बायका मी वाचवू शकले. पण एक गोष्ट घडली. साक्षीदार बदलला. बाई टेबलावर झोपलेली असते आणि खोलीतले सगळे तिच्याकडे पाठ करून पडद्याकडे बघत असतात. तिच्या पोटाबद्दल काय खरं, ते आता पडदा सांगतो.

हे मनात ठेवून आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या दोन गोष्टी ऐका.

पहिली सविता हलप्पनवारची. बेळगावात वाढलेली, इथंच दंतवैद्यकी शिकलेली मुलगी. लग्न होऊन आयर्लंडला गेली. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी सतरा आठवड्यांची गरोदर असताना गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भपात होऊ घातला होता, तो थांबणार नव्हता. सतरा आठवड्यांचं मूल बाहेर जगत नाही, हे तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. सविता म्हणाली, मग मोकळं करा. उत्तर मिळालं, ठोका चालू आहे, तोवर करता येत नाही. तिथल्या एका सुईणीनं तिला सांगितलं की हा कॅथलिक देश आहे. मृत्यूच्या चौकशीत त्या सुईणीनं स्वतः ते कबूल केलं. ठोका थांबेपर्यंत सविताच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. २८ तारखेला ती गेली. वय एकतीस.

लोक म्हणतात, डॉक्टरांचा हलगर्जीपणा. होता. चौकशी अहवालांत तो आलाय. पण त्या डॉक्टरांच्या डोक्यावर काय टांगलं होतं तेही बघा. आयर्लंडनं १९८३ साली राज्यघटनेत आठवी दुरुस्ती केली होती: न जन्मलेल्याचा जगण्याचा हक्क आणि आईचा जगण्याचा हक्क समान. वाचायला किती न्याय्य वाटतं! आपलं 'दोन जिवांची' जणू कुणी तागडीत घालून समसमान तोललं. आणि समसमान तोललं तेव्हा जे वाचणार नव्हतं त्याच्या ठोक्याकडे बघत बसले, आणि जी वाचू शकली असती ती गेली. सुश्रुत निदान इतकं तरी म्हणतो की गर्भ अडला असताना असं काही करू नका ज्यानं दोघंही जातील.

२५ मे २०१८ ला त्या देशानं सार्वमत घेऊन ती दुरुस्ती रद्द केली, ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी. मतदानाआधी सविताच्या वडिलांनी इथून, आपल्या जिल्ह्यातून, तिथल्या लोकांना आवाहन केलं होतं. डब्लिनमध्ये तिचं चित्र भिंतीवर रंगवलं गेलं, शेकडो लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. आपल्याकडे किती जणांना तिचं नाव ठाऊक आहे? हात वर करा... बघा. सहा. त्यातल्या दोघी नर्स आहेत, मी ओळखते त्यांना.

दुसरी गोष्ट मूडलगीची. जून २०२२. पुलाखालच्या नाल्यात बाटल्यांत घातलेले सात गर्भ सापडले. त्याआधी मार्च २०१७ मध्ये कागवाडच्या पलीकडे, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, ओढ्याकाठी एकोणीस. म्हैसाळचं उघडकीला आलं तेसुद्धा एक तरुण बाई गर्भपात करताना मेली म्हणून. तपास सुरू झाला आणि धागे इकडे, कर्नाटकात निघाले. लिंग तपासून मुलीचा गर्भ पाडायच्या या धंद्याची रीतच ती: तपासायचं एका राज्यात, पाडायचं दुसऱ्या राज्यात. एका जिल्ह्याच्या कलेक्टरनं मशीन सील केलं की गाडी नदीपलीकडे. मंडळी, १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण सीमाप्रश्न लढतोय, काळा दिवस पाळतोय. या धंद्यानं सीमाभाग केव्हाच एक करून टाकलाय. तिथं भाषेची अडचण कुणाला येत नाही.

आणि हे गरिबीनं होतं असं समजू नका. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ मुली होत्या, सांगलीत ८५१. ऊस, दूध, द्राक्षं, पैसा. मशीनपर्यंत जायला गाडी लागते, फी लागते. महाराष्ट्रानं लिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वांत आधी केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ चा. चोरही तितकेच हुशार झाले.

सविता गर्भपात मागत होती, तिला दिला नाही. मूडलगीच्या त्या बाटल्यांमागे सात बाया असणार. त्यांना कुणी विचारलं होतं का, हे मला सांगता येणार नाही. पण माझ्या टेबलावर आलेल्या बायकांवरून अंदाज येतो.

आता इथं पुढच्या रांगेतलं कुणीतरी मला पकडणार, पकडायलाच हवं. "बाई, तुम्ही म्हणता निर्णय तिचा. मग तिनंच सांगितलं, मुलगी नको, तर?" खरंय. मला हा प्रश्न एका पेशंटनंच घातला होता. दोन मुलींची आई. मी तिला भाषण दिलं, मुलगी म्हणजे लक्ष्मी वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माझ्या घरात तुम्हाला राहायचं नाही." त्याला आजही माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला मदत केली नाही, ते बरोबर केलं असं मला वाटतं. पण तिच्यासाठी मी काही केलं असंही नाही.

माझं म्हणणं एवढंच. गुन्हा लिंगतपासणीत आहे, म्हणून कायद्यानं तिथं हात घालायचा. "आत्ता मला मूल झेपणार नाही" हे बाईचं स्वतःबद्दलचं बोलणं आहे. "मुलगी नको" हा निकाल तिच्यासकट सगळ्या बायकांवर दिलेला असतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्यानं लिहून तिच्या तोंडी घातलेला असतो. आपण मात्र रिक्षांमागे, भिंतींवर 'भ्रूणहत्या महापाप' लिहून दोन्हींचा काला केला. त्यातून झालं काय, तर सात आठवड्यांच्या साध्या, कायदेशीर गर्भपातालाही लोक पाप समजतात आणि काही डॉक्टर हात झटकतात. मग बाई मेडिकलच्या दुकानातून गोळ्या आणते. २०१५ साली देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असं एका मोठ्या पाहणीत निघालं. त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. गोळी वाईट नाही. बिनतपासणीची गोळी, आणि रक्त थांबेना झाल्यावर कुणाला सांगायचं हे माहीत नसणं, हे वाईट.

'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द मी वापरत नाही. लिंगनिवड म्हणते. ज्यांना हत्या म्हणायचंय त्यांनी फुल्यांची आठवण ठेवावी. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात विधवांसाठी बाळंतपणाचं घर उघडलं. आधी बाईला आसरा दिला; पापपुण्याचा हिशेब तिच्याकडे मागितला नाही.

तत्त्वज्ञानातलं एकच सांगते, नाहीतर चहा गार होईल. अमेरिकेत ज्युडिथ जार्विस थॉमसन नावाच्या विदुषी होत्या. त्यांनी १९७१ मध्ये म्हटलं की गर्भ पूर्ण माणूस आहे असं क्षणभर धरून चाला. तरीसुद्धा दुसऱ्याच्या शरीरावर जगायचा हक्क त्याला आपोआप मिळतो का? त्यांनी आजारी वादकाचं उदाहरण घेतलं, मी रक्ताच्या बाटलीचं घेते. तुमचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा रक्ताविना मरतोय आणि तुमचाच गट जुळतो. तुम्ही नाही म्हणालात तर गाव तुमच्या तोंडावर थुंकेल. पण पोलीस येऊन तुमच्या दंडाला सुई लावणार नाहीत. बापाला जी मोकळीक आहे, ती आईला नऊ महिने नको?

योगायोग असा की आपला गर्भपाताचा कायदाही १९७१ चाच. शांतिलाल शहा समितीनं त्याची शिफारस केली होती. कारण तात्त्विक नव्हतं. बायका काड्या घालून मरत होत्या, आणि लोकसंख्येची धास्तीही होती. हा कायदा तेव्हा बायकांनी मागून घेतलेला नाही, म्हणून त्यात बाईला हक्क दिलेला नाही, डॉक्टरला संरक्षण दिलंय. मूळ गुन्हा अजून तसाच आहे, नव्या न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात. २०२१ च्या दुरुस्तीनं वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरे, काही स्त्रियांना चोवीसपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं मुभा, 'पती'च्या जागी 'जोडीदार' आला, आणि २०२२ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितांनाही तोच हक्क दिला. चांगलं झालं.

पण २०२३ च्या ऑक्टोबरात एक प्रकरण आलं. दोन लेकरांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारानं खचलेली. अंगावर पाजत होती, पाळी सुरू झाली नव्हती, त्यामुळे कळलंच उशिरा. सव्वीस आठवडे. न्यायालयानं आधी परवानगी दिली, मग दोन न्यायाधीशांचं एकमत होईना, शेवटी तिघांच्या पीठानं नाही म्हटलं. इथं माझंही मन डळमळतं. सव्वीस आठवड्यांचं बाळ मी काचेच्या पेटीत जगवलेलं आहे. ते बोट धरतं. त्या बाईचं खरं होतं आणि त्या बोटाचंही खरं होतं. ज्यांना अशा वेळी चटकन उत्तर सापडतं, त्यांची मला थोडी भीती वाटते. दोन्ही बाजूंच्या.

शेवटी सहीबद्दल सांगते आणि बसते. कायद्यात अठरा वर्षांवरच्या बाईची एकटीची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, भावाची नाही. १९७१ पासून नाही. हे मला पाठ होतं. तरी माझ्या दवाखान्यात सुरुवातीची कित्येक वर्षं मी नवऱ्याची सही घेत होते. उद्या भांडण नको, काचा फुटायला नकोत.

त्या काळात खानापूरकडची एक बाई आली. दोन मुली, अंगात रक्त नाही. नववा आठवडा. सासू बाहेर बाकड्यावर बसलेली. तिला मुलगा होईल की काय या आशेनं ठेवायचं होतं. हिला नको होतं. मुलगा असो की मुलगी, तिच्यात ताकदच नव्हती. मला म्हणाली, "मला कळतंय माझं." मी म्हटलं, "नवऱ्याला घेऊन ये, सही लागते." तिनं विचारलं, "माझी नाही चालत?"

मी म्हटलं, नाही चालत.

ती परत आली ती आठव्या महिन्यात, पायाला सूज, बीपी वाढलेलं, जीपमधून. दोघीही वाचल्या. मुलगी झाली. सात दिवस ती माझ्या दवाखान्यात होती. मी रोज राऊंडला जायची, नाडी बघायची, विचारायची, दूध येतंय का, टाके दुखतात का. ती सगळ्याची उत्तरं नर्सकडे बघून द्यायची.