निदानाच्या रेषेअलीकडचे तारुण्य

जीवनाची गुणवत्ता मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत 26 प्रश्न असून, गेल्या दोन आठवड्यांत आपल्याला आपले आयुष्य कसे वाटले, हे उत्तर देणाऱ्याने स्वतः सांगायचे असते. झोपेबद्दल आपण कितपत समाधानी आहात, मन कितपत एकाग्र होते, मित्रमंडळींकडून मिळणारा आधार पुरेसा वाटतो का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. ऑटिझम (इतरांशी संवाद साधणे, बदल स्वीकारणे आणि इंद्रियांवरचा ताण सोसणे अवघड करणारी मेंदूची वेगळी जडणघडण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चुळबुळ आवरणे कठीण करणारी अवस्था) यांची लक्षणे असलेले तरुण जेव्हा ही प्रश्नावली भरतात, तेव्हा त्यांची उत्तरे समवयस्कांच्या तुलनेत बहुधा खालच्या बाजूला झुकतात. या तरुणांपैकी अनेकांचे निदान झालेले नसते, आणि काहींचे तर निकषांनुसार होणारही नसते.

ऑटिझम आणि एडीएचडी हे दोन्ही एकाच व्यक्तीत असू शकतात, ही गोष्ट वैद्यकशास्त्राने अधिकृतपणे स्वीकारायला बराच उशीर केला. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका 2013 साली सुधारली गेली, तोपर्यंत ऑटिझमचे निदान झालेल्या व्यक्तीला तिच्या नियमांनुसार एडीएचडीचे निदान देता येत नव्हते. प्रत्यक्षात या दोहोंची आनुवंशिक मुळे काही अंशी सामाईक आहेत आणि दोन्हींची लक्षणे सबंध लोकसंख्येत कमीअधिक प्रमाणात पसरलेली आहेत. ऑटिझमची लक्षणे तपासणारी, 2001 साली प्रसिद्ध झालेली 50 प्रश्नांची चाचणी असो वा प्रौढांमधील एडीएचडीची 18 प्रश्नांची चाचणी असो, दोन्हींमध्ये गुण चढत जातात आणि कुठेतरी एक रेषा आखली जाते. पुढील तपासणी कोणाची करायची, हे ठरवायला ती रेषा उपयोगी पडते. मात्र रेषेच्या किंचित अलीकडे असलेल्या माणसाचा दिवस पलीकडच्या माणसाहून सोपा जातो, असे मानायला काहीच आधार नाही.

कल्पना करा, दोन्हींची लक्षणे असलेला एक तरुण आपल्या खोलीत टेबलाशी बसलेला आहे. समोर एका ईमेलचे उत्तर अर्धवट लिहून ठेवलेले आहे. मजकूर जेमतेम तीन ओळींचा आहे, पण पहिली ओळ फार तुटक वाटेल का, या विचारात ती चार वेळा बदलून झाली आहे. भिंतीवर आठवड्याचे वेळापत्रक आहे, प्रत्येक तासाला वेगळा रंग दिलेले, अतिशय मन लावून आखलेले. बुधवारनंतरच्या रकान्यांतील एकाही कामावर पूर्ण झाल्याची खूण नाही. ऑटिझमच्या बाजूचे मन ठरलेल्या क्रमात विसावते, तर एडीएचडीच्या बाजूचे मन त्याच क्रमाला दोन दिवसांत कंटाळते. आणि क्रम मोडला की पहिले मन पुन्हा अस्वस्थ होते. बाहेरून पाहणाऱ्याला यात आळस दिसतो. दोन्ही गरजा खऱ्या आहेत आणि एकीची सोय करताना दुसरीची गैरसोय होते, हे कोणी समजावून सांगितले नाही, तर तो तरुणही स्वतःला आळशीच समजू लागतो.

हा ताण नेमका तारुण्यात का उफाळतो? शाळेत तासाची घंटा असते, वह्या तपासणारे शिक्षक असतात, घरी उठवणारे आणि आठवण करून देणारे कोणीतरी असते. अठरा ते पंचवीस या वयात हा सगळा आधार जवळपास एकदमच सुटतो, आणि अर्ज, बिले, मुलाखती, दवाखान्याच्या वेळा, सहनिवासातील तडजोडी हे सारे स्वतःच्या नियोजनावर येऊन पडते. वयानुसार एडीएचडीमधील बाहेरून दिसणारी चुळबुळ बरीच कमी होते. लक्ष भरकटणे, वेळेचा अंदाज चुकणे आणि काम सुरूच न होणे या गोष्टी मात्र पुष्कळांच्या बाबतीत टिकून राहतात. चुळबुळ थांबलेली पाहून आसपासचे लोक 'आता सुधारला' असे म्हणतात, आणि उरलासुरला आधारही काढून घेतात.

त्यात भर पडते ती मास्किंगची, म्हणजे आपली लक्षणे लपवण्यासाठी सतत केलेल्या प्रयत्नांची. समोरच्याच्या डोळ्यांकडे किती वेळ पाहायचे, याचा मनात हिशेब ठेवणे, हसण्याची जागा इतरांवरून ओळखणे, दिव्यांचा प्रखर उजेड आणि अनेक आवाज एकाच वेळी सोसत चेहरा शांत ठेवणे, हे दिवसभर केल्यावर घरी परतलेल्या व्यक्तीला कित्येकदा एक वाक्यही बोलवत नाही. मास्किंगचे प्रमाण जास्त असते तिथे चिंता आणि नैराश्यही अधिक आढळते. मुलींचे निदान उशिरा होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकींनी लहानपणापासूनच हे कसब आत्मसात केलेले असते. संवादातील अडचणीचे ओझेही एकट्या ऑटिस्टिक व्यक्तींवर टाकणे अन्यायाचे आहे. समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 साली असे मांडले की, ही अडचण दुहेरी असते. ऑटिझम नसलेल्यांनाही ऑटिस्टिक व्यक्तींचे मन तितकेच कमी कळते.

सुरुवातीला उल्लेखिलेल्या प्रश्नावलीच्या मोजमापाचीही मर्यादा ओळखायला हवी. दोनच जिवलग मित्र आणि भरपूर एकांत असलेली व्यक्ती दुःखी असेलच, असे नाही. म्हणूनच इंद्रियांवर येणारा अतिरिक्त ताण, स्वतःच्या ओळखीबद्दलचा सहजपणा यांसारख्या गोष्टी विचारणारे, ऑटिस्टिक व्यक्तींच्या सहभागातून घडलेले पूरक प्रश्न 2018 मध्ये पुढे आले, ही समाधानाची बाब आहे.

मदतीचा विचार करताना लक्षणे किती कमी झाली, एवढेच पाहून भागत नाही. एडीएचडीवरील औषधांचा अनेकांना चांगला उपयोग होतो. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर मात्र औषध नाही, आणि त्यातील बऱ्याच गोष्टी बदलण्याची गरजही नाही. बिघडलेली झोप आणि चिंता यांवर उपचार करता येतात, आणि ते अंतिम निदानाची वाट न पाहता सुरू करता येतात. तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना, बसण्याची ठरलेली शांत जागा, हेडफोन वापरण्याची मुभा, मोठ्या कामाचे तारखांसह पाडलेले टप्पे आणि कंटाळवाणे काम करताना नुसते शेजारी बसणारे कोणीतरी, एवढ्यानेही दिवसाचा भार हलका होतो. यांपैकी कोणती गोष्ट आधी हवी, हे त्या व्यक्तीला विचारूनच ठरवावे लागते, आणि आज दिलेले उत्तर सहा महिन्यांनी बदलू शकते.