रायट ॲक्ट वाचायचा म्हणजे काय

नमस्कार मंडळी!

पोरांनी घराचा उकिरडा केला की इथली, म्हणजे ब्रिटनमधली, आई त्यांना 'रायट ॲक्ट' वाचून दाखवते. ऑफिसात साहेबही वाचतात. म्हणजे चांगली खरडपट्टी काढतात. पण हा ॲक्ट, म्हणजे दंग्यांविरुद्धचा कायदा, खरोखरचा होता आणि तो खरोखरच वाचावा लागे.

1714 साली पहिला जॉर्ज जर्मनीतून येऊन गादीवर बसला. बऱ्याच लोकांना तो नको होता. ठिकठिकाणी दंगली उसळल्या. मग पार्लमेंटनं कायदा केला, तो 1 ऑगस्ट 1715 पासून लागू झाला. बारा किंवा अधिक माणसं दंगा करायला जमली, की मॅजिस्ट्रेटनं पुढे होऊन ठरलेला मजकूर मोठ्यानं वाचायचा: राजाची आज्ञा आहे, ताबडतोब पांगा, मुकाट घरी नाहीतर कामाला जा. मुदत एक तास. त्यानंतरही जे हलले नाहीत त्यांना फाशीसुद्धा होऊ शके.

मजकूर जेमतेम चार ओळींचा, पण एक शब्द गाळून चालत नसे. 1830 मध्ये एका खटल्यात शेवटचं 'गॉड सेव्ह द किंग' म्हणायचं राहिलं होतं, तर कोर्टानं ते वाचन धरलंच नाही!

मला मात्र त्या वाचणाऱ्याची कीव येते. आज रायट ॲक्ट वाचणारा तावातावानं बोलतो आणि ऐकणारे मान खाली घालतात. तेव्हा हातात कागद घेतलेला एकटा माणूस आणि समोर खवळलेला जमाव. 1819 साली मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मताचा हक्क मागायला साठेक हजार लोक आले होते. आम्ही वाचला, असं मॅजिस्ट्रेट नंतर सांगत राहिले. पण एवढ्या गर्दीत तो ऐकू कुणाला जाणार? लोकांच्या अंगावर घोडदळ आलं ते मात्र सगळ्यांनी पाहिलं. पुढे 31 जानेवारी 1919 ला ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये 40 तासांच्या आठवड्यासाठी संपावर गेलेले कामगार जमले. शेरीफ वाचायला उभे राहिले, तर लोकांनी कागदच त्यांच्या हातातून हिसकावला.

ब्रिटनमध्ये हा कायदा 1973 पर्यंत पुरता मोडीत निघाला. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात मात्र असा जाहीरनामा अजून आहे, आणि तिथे पांगायला अर्धाच तास मिळतो. टोरांटोहून आलेल्या पाहुण्यांनी जेवणाच्या रांगेत तेवढं ध्यानात ठेवावं.