जंगलात कोणती लेन्स लावावी?

श्रोतेहो, नमस्कार.

जंगलात कॅमेरा घेऊन शिरलं की हात आपोआप वाइड लेन्सकडे जातो. समोर एवढं काही असतं की सगळंच टिपावंसं वाटतं. मीही कित्येक वर्षं तेच करत आलो. घरी येऊन फोटो उघडला की फांद्यांचा गुंता आणि पानांच्या फटींतून डोकावणारे आभाळाचे पांढरेफटक ठिपके! ज्या झाडापाशी पाय थबकले होते, ते मात्र काडीएवढं.

म्हणून माझं म्हणणं असं, की जंगलात आधी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणून दाखवणारी लेन्स, लावून पाहा. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची वाइड लेन्स कर्णरेषेत सुमारे ८४ अंश पाहते, २०० मिलिमीटरची टेलिफोटो जेमतेम १२. एवढ्याशा चौकटीतून आभाळ सहज बाहेर ठेवता येतं. धुकं असेल तर विचारूच नका. पुढचं खोड काळंभोर, त्यामागचं राखाडी, त्याच्याही मागचं नुसती सावली, आणि सगळी जणू एकमेकांना खेटून उभी. हे खेटणं लेन्सची करामत आहे असं अनेकांना वाटतं. खरं तर ते आपण लांब उभे असल्यामुळे दिसतं. लेन्स तेवढाच तुकडा उचलून देते.

टेलिफोटोची अडचण फोकसची. लेन्सचं छिद्र एफ ८ एवढं ठेवून २४ मिलिमीटरला साधारण अडीच मीटरवर फोकस केला, तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २०० मिलिमीटरला त्यासाठी फोकस दीडशे मीटरच्याही पुढे न्यावा लागतो. मग जवळची फांदी आणि मागचं खोड दोन्ही स्पष्ट हवं, तर वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून ते जोडायचे. त्यासाठी ट्रायपॉड हवा आणि वाराही पडलेला हवा.

वाइड लेन्स मी काढतो ती पायाशी काही सापडलं तरच. शेवाळलेली मुळं असतील, तर गुडघे टेकून त्यांच्यापासून हातभर अंतरावर यायचं. कॅमेरा शक्यतो सरळ धरायचा, वर झुकवला की खोडं आत कलतात.

आणि लेन्स कोणतीही असो, पावसानंतर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा, लेन्सपुढे फिरवता येणारा फिल्टर, लावाच. डोळा कॅमेऱ्याला लावून पोलरायझर सावकाश फिरवा. ओल्या पानावरची पांढुरकी चकाकी ओसरत जाते, आणि खालून पानाचा गर्द हिरवा वर येतो. तिथे हात थांबवा.