तिसऱ्या रात्रीचा जनरेटर

[काळा पडदा. छताच्या पंख्याचा आवाज मंदावत थांबतो.]

८ जुलै २०२४, सोमवार. पहाटे चारच्या सुमारास बेरिल चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्याला माटागोर्डापाशी धडकलं. पहिल्या श्रेणीचं वादळ, म्हणजे मोजपट्टीवरची सगळ्यात खालची पायरी. तरी ह्यूस्टन आणि आसपासच्या भागात २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. वादळ पुढे सरकलं, लख्ख ऊन पडलं, आणि खरे हाल तिथून सुरू झाले. काही घरांत आठवडा उलटला तरी दिवा लागला नव्हता.

आई-बाबा तेव्हा आमच्याकडे आले होते. बाबांचं दोन महिन्यांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये. बाहेर पस्तीस अंशांच्या घरात ऊन, आणि किनाऱ्यावरची चिकचिकीत हवा. पण मी निर्धास्त होतो, कारण गॅरेजमध्ये जनरेटर होता. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलेलं: ९,५०० वॉट.

पहिली रात्र छान गेली. फ्रीज, टीव्ही, सगळे दिवे, सगळं चालू. शेजारचे लोक फोन चार्ज करायला येऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी रिकामी झाली. डबे घेऊन निघालो तर पहिला पंप बंद, दुसराही बंद. पेट्रोल जमिनीखाली भरपूर होतं, पण ते वर खेचणाऱ्या पंपालाच वीज नव्हती. तिसरा पंप चालू होता, तिथे रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेलेली. दीड तासाने दहा गॅलन मिळालं.

तिसऱ्या रात्री जनरेटर बंद पडला. आई अंगणात बसून पदराने वारा घेत होती. कोपऱ्यात शेगडी होती, बार्बेक्यूची. तिच्याखाली एक भरलेला सिलेंडर, बाजूला आणखी एक.

ती म्हणाली, "अरे, ह्याला आपला हा सिलेंडर नाही का लावता येत?"

मी म्हटलं, "नाही गं, हा फक्त पेट्रोलवर चालतो."

बाबा आतून म्हणाले, "आपल्या दुकानातला दोन इंधनांवर चालायचा."

[जुन्या दुकानाचं शटर. दोरी ओढण्याचा आवाज.]

खरंच चालायचा. महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना ते यंत्र आठवेल. दुकानाबाहेर फुटपाथवर ठेवलेला जनरेटर. पेट्रोलवर सुरू करायचा, दोन-चार मिनिटं गरम होऊ द्यायचा आणि मग कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा. बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा निखळायची वेळ. अमेरिकेत आज ज्याला ड्युअल-फ्युएल म्हणतात ती कल्पना आपल्या घरी लहानपणापासून होती. इथे रॉकेलच्या जागी प्रोपेन, म्हणजे शेगडीच्या त्या सिलेंडरमधला गॅस आहे, एवढंच. आणि मी ते न बघता, फक्त आकडा बघून यंत्र आणलं होतं.

त्या रात्रीनंतर मी जे शिकलो ते या चित्रफितीत सांगतो आहे. जनरेटर घेताना पहिल्या रात्रीचा विचार करू नका. पहिल्या रात्री कुठलाही जनरेटर चालतो. तिसऱ्या रात्री त्याच्या पोटात काय घालणार, ते आधी ठरवा.

[इंजिन जवळून. बोट कळीवर थांबतं.]

आत नेमकं काय असतं ते बघू. इंजिन एकच. पेट्रोल टाकीतून कार्बोरेटरमध्ये येतं. प्रोपेन सिलेंडरमधून रबरी नळीने, रेग्युलेटरमधून दाब कमी होऊन येतो. बाहेर एक कळ: या बाजूला पेट्रोल, त्या बाजूला प्रोपेन. एका वेळी एकच. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, त्यामुळे दुकानात बोलताना गोंधळ होतो. मी इथे पेट्रोलला पेट्रोलच म्हणेन.

पेट्रोल आणि प्रोपेनचे स्वभाव वेगळे आहेत. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. ते काही महिन्यांत खराब होऊ लागतं, कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकटा धरतो, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी यंत्र सुरू होत नाही. टिकवणारं रसायन घातलं तर वर्षभर निभतं. प्रोपेन नासत नाही. पाच वर्षांपूर्वी भरलेला सिलेंडर आजही तितकाच कामाचा.

पण प्रोपेनमध्ये जोर कमी. एका गॅलन प्रोपेनमध्ये पेट्रोलच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा असते, आणि त्याच यंत्राची ताकद प्रोपेनवर साधारण दहा टक्क्यांनी उतरते. माझ्या खोक्यावरचा ९,५०० हा आकडा क्षणभराचा होता, मोटर सुरू होताना लागणाऱ्या झटक्यापुरता. सतत मिळणारे वॉट ७,५००, ते खाली बारीक अक्षरांत. तेवढ्याच ताकदीचं दोन इंधनांचं यंत्र प्रोपेनवर सतत ६,७५० च्या आसपास देतं. खरेदी करताना हा प्रोपेनवरचा, सततचा आकडा शोधा. बाकीचे आकडे जाहिरातीसाठी असतात.

[स्वयंपाकघर. फ्रीजच्या मागची पट्टी. कागदावर पेन्सिल.]

आता कागद घ्या आणि घरात फिरा. फ्रीज चालताना दीडशे-दोनशे वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर हजाराच्या आसपास मागतो. दिवे, वाय-फाय, दोन पंखे मिळून दोनशे. मायक्रोवेव्ह हजार ते दीड हजार, तोही चार मिनिटांसाठी. इंडक्शनची शेगडी एकटीच अठराशे. खिडकीतला लहान एसी साडेचारशे-पाचशे. घरभराचा मध्यवर्ती एसी तीन-साडेतीन हजार, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट.

गाडी अडते ती त्या शेवटच्या ओळीवर. मध्यवर्ती एसी चालवायचा म्हटलं की मोठं यंत्र लागतं. मोठं यंत्र निम्म्या भारावर वीस पौंडांचा, म्हणजे साधारण नऊ किलोचा सिलेंडर पाच ते सात तासांत संपवतं. दिवसाला चार सिलेंडर, तीन दिवसांना बारा. पेट्रोलवर तेच यंत्र दिवसाला सुमारे १३ गॅलन, म्हणजे जवळपास ५० लिटर पितं. एवढं पेट्रोल घरात साठवून ठेवावं असं मला मुळीच वाटत नाही.

त्याऐवजी सतत तीन हजार वॉट देणारं लहान इन्व्हर्टर यंत्र घ्या, तेही दोन्ही इंधनांचं. हा आपल्याकडचा बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, इंजिनचा जनरेटरच. फ्रीज, दिवे, पंखे आणि एका खोलीत खिडकीचा एसी. चौथाई भारावर तोच सिलेंडर बारा-चौदा तास जातो. दिवसाला दोन, तीन दिवसांना सहा. रात्री सगळं घर त्या एका खोलीत झोपतं. आमच्याकडे आता तसंच ठरलंय: पाहुण्यांची खोली, खाली गाद्या, बाबांचं अंथरूण पलंगावर.

इन्व्हर्टर यंत्राचा आणखी एक गुण म्हणजे वीज स्वच्छ मिळते, लॅपटॉप आणि ऑक्सिजनच्या यंत्राला मानवते, आणि आवाज कमी. उघड्या सांगाड्याचं साधं यंत्र रात्री दोनला गल्ली जागी करतं. ते स्वस्त पडतं हे खरं. विहिरीचा २४० व्होल्टचा पंप असेल तर ते घ्यावंही लागतं. पण उपनगरातल्या साध्या घराला माझा सल्ला लहान यंत्राचाच आहे.

सिलेंडरबद्दल दोन गोष्टी. दुकानात बदलून मिळणाऱ्या वीस पौंडांच्या सिलेंडरमध्ये बऱ्याचदा १५ पौंडच भरलेला असतो. भरून देणाऱ्या ठिकाणी नेलात तर पूर्ण मिळतो. आणि किती उरलाय ते बघायला आपली जुनी युक्ती इथेही चालते: ओलं फडकं फिरवायचं. जिथपर्यंत द्रव आहे तिथपर्यंत ओल रेंगाळते, वरचा भाग आधी सुकतो.

[सिलेंडरचा पत्रा अगदी जवळून. पांढरी साय.]

हे बघा. पत्र्यावर पांढरं दिसतंय ते हिम. आतला द्रव उकळून वायू होतो तेव्हा तो स्वतःचीच उष्णता खर्च करतो आणि थंड पडत जातो. मोठं यंत्र एका लहान सिलेंडरमधून जोरात ओढू लागलं की हे होतं, आणि दाब पडून इंजिन गुरगुरायला लागतं. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात ह्यूस्टनमध्ये पारा उणे दहापर्यंत उतरला होता. अशा थंडीत एकट्या लहान सिलेंडरवर भरवसा ठेवता येत नाही. दोन सिलेंडर जोडून लावावे लागतात, नाहीतर कळ पेट्रोलकडे वळवावी लागते. उन्हाळ्याच्या वादळात पेट्रोल मिळत नाही, हिवाळ्याच्या वादळात प्रोपेन अडतो. म्हणून दोन्ही हवीत.

पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवरही चालणारी, तीन इंधनांची यंत्रं मिळतात. घरात ती लाइन असेल तर जरूर बघा. मात्र ताकद आणखी उतरते, आणि जोडणी परवानाधारक प्लंबरकडूनच.

[घराची बाहेरची भिंत. मोजपट्टी गवतावरून लांब जाते.]

आता थोडं थांबून बोलतो. २०२१ च्या त्या वादळात टेक्सासच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार २४६ माणसं गेली. त्यांतली काही थंडीने गेली नाहीत, ऊब आणि वीज मिळवायच्या धडपडीत गेली: गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, घरात पेटवलेले कोळसे, दाराशी लावलेला जनरेटर. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस म्हणतो, दमलोय, जरा पडतो. अमेरिकेत फिरत्या, म्हणजे हलवता येणाऱ्या जनरेटरच्या या विषारी वायूने दरवर्षी सुमारे १०० माणसं मरतात.

आपल्या लोकांचा एक समज मी वारंवार ऐकलाय: प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, तो स्वच्छ, म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवून आत चालवला तर चालेल. चालणार नाही. प्रोपेनवरच्या इंजिनच्या धुरातही हा वायू असतो. गॅरेजमध्ये नाही, पडवीत नाही, खिडकीखाली नाही. घरापासून किमान २० फूट दूर, आणि धुराड्याचं तोंड घराच्या उलट दिशेला. पाऊस असेल तर त्याच्यासाठीचं वेगळं छत मिळतं, ते घ्या, पण यंत्र आत आणू नका. वायू वाढला की आपोआप बंद होणारीच यंत्रं निवडा, आणि घरात प्रत्येक झोपायच्या खोलीपाशी बॅटरीवरचा मोनॉक्साइडचा अलार्म लावा. तो स्वस्तात मिळतो. पाहुण्यांच्या खोलीत मी आधी तो लावला, मग गाद्या घातल्या.

दुसरी जागा जीव घेणारी आहे ती जोडणीची. दोन्ही टोकांना पिना असलेली केबल करून कपडे वाळवायच्या यंत्राच्या सॉकेटमध्ये खुपसायची आणि सगळं घर चालू करायचं, असं करणारे लोक मी पाहिलेत. ती वीज घरापुरती राहत नाही. मुख्य स्विच चालू राहिला तर ती उलटी खांबावर जाते, आणि ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो. तार मेली आहे असं समजून तिथे हात घालणारा लाइनमन तुमचं घर उजळायलाच आलेला असतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून इंटरलॉक किंवा ट्रान्सफर स्विच बसवून घ्या, म्हणजे बाहेरची लाइन आणि जनरेटर एकाच वेळी चालू होऊच शकत नाहीत. ते नको असेल तर बाहेर वापरायच्या जाड एक्स्टेन्शन केबली, फ्रीजपर्यंत सरळ. आम्ही पहिलं वर्ष तसंच काढलं.

भारतातून बघणाऱ्यांसाठी एवढंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तिसरी रात्र तुम्हालाही ठाऊक आहे. पण इथलं यंत्र बॅगेत घालून नेऊ नका. ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं, आपल्याकडे २३० आणि ५०. आणि घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर कायद्याने स्वयंपाकासाठीच आहे, तो जनरेटरला लावता येत नाही.

खरेदी वादळाच्या बातम्या सुरू झाल्यावर करू नका. टेक्सासमध्ये दरवर्षी एप्रिलच्या शेवटी तीन दिवस आपत्तीच्या तयारीच्या वस्तूंवर विक्रीकर माफ असतो, आणि ३,००० डॉलरच्या आतला फिरता जनरेटर त्यात येतो. वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो. मधल्या महिन्यात यंत्र चालवून बघा, पहिल्या वीस-पंचवीस तासांनी तेल बदला, आणि पुढे इंधन घालताना दरवेळी तेलाची पट्टी बघा. गरम इंजिनवर पेट्रोल ओतू नका. दहा मिनिटं थांबा.

[अंगण. सकाळ. तेलाची पट्टी ओली आहे.]

आमच्याकडे महिन्यातला पहिला रविवार ठरलेला आहे. यंत्र कुंपणापाशी नेतो, पेट्रोलवर सुरू करतो, मग टाकीचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपू देतो. नंतर कळ प्रोपेनवर. पंख्याला वायर लावून दहा मिनिटं चालवतो. बाबा आले की हे काम त्यांचं. रॉकेलच्या यंत्राची सवय, त्यामुळे कान लावून इंजिन ऐकतात.

मग सिलेंडर एकेक करून वजनकाट्यावर. गळ्यावरच्या पत्र्यावर रिकाम्या सिलेंडरचं वजन ठोकलेलं असतं, आमच्या सगळ्यांवर १७ पौंड आहे. काट्यावर ३७ आलं की सिलेंडर पूर्ण भरलेला. आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाचा हिशेब लिहावा तसं: ३७, ३७, ३७, ३६, ३७. शेवटचा शेगडीखालचा, तो ३१.

"हा भरून आण," ती म्हणते, "परवा कणसं भाजली त्यात गेलाय."