शिक्षा बाई असण्याची, की तोंड उघडण्याची?

१ नोव्हेंबर २०१८. जगभरातल्या कार्यालयांतून गूगलचे सुमारे वीस हजार कर्मचारी काम सोडून बाहेर आले. लैंगिक छळाचा आरोप झालेल्या अँडी रुबिन या अधिकाऱ्याला कंपनी सोडताना नऊ कोटी डॉलर मिळाल्याची बातमी तेव्हा ताजी होती. आपण जागेवर का नाही, हे सांगणारी चिठ्ठी अनेकांनी टेबलावर ठेवली होती.

सहाच महिन्यांत या आंदोलनाच्या आयोजकांपैकी क्लेअर स्टेपल्टन आणि मेरेडिथ व्हिटेकर यांनी सहकाऱ्यांना पत्र लिहिलं: कंपनी आपल्यावर सूड उगवते आहे. स्टेपल्टन यांचं म्हणणं असं, की त्यांना खालच्या पदावर आणणार, हाताखालची निम्मी माणसं काढून घेणार, असं सांगितलं गेलं. आजारी नसताना वैद्यकीय रजेवर जायला सुचवलं गेलं. वकील दिल्यावर पदाचा निर्णय फिरला. कंपनीने सूडाचा आरोप साफ नाकारला. दोघींनीही त्याच वर्षी नोकरी सोडली.

आता वाद असा, की हे त्या स्त्रिया होत्या म्हणून झालं का? काहीजण लगेच बोट दाखवतात: नोव्हेंबर २०१९ मध्ये गूगलने काढलेल्या चार आंदोलक कर्मचाऱ्यांत पुरुषही होते, मग लिंगभेद कुठला? मला हा प्रतिवाद फार तोकडा वाटतो. पुरुषालाही फटका बसला म्हणून बाईला बसलेला फटका निर्मळ होत नाही. पण उलट बाजूलाही माझं सांगणं आहे: सगळी तक्रार लिंगभेदावरच टांगू नका.

शीला व्हाइट यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या रेल्वे यार्डातल्या त्यांच्या विभागात त्या एकट्या बाई, फोर्कलिफ्ट म्हणजे जड माल उचलणारी गाडी चालवायच्या. १९९७ मध्ये त्यांनी वरिष्ठाच्या वागणुकीची तक्रार केली. वरिष्ठाला शिक्षा झाली, आणि व्हाइट यांची फोर्कलिफ्टही गेली. कारण काय दिलं? हे कमी कष्टाचं, स्वच्छ काम जुन्या पुरुष कामगाराला मिळायला हवं, अशी इतरांची कुरकुर आहे! पगार तोच, हुद्दा तोच, फक्त आता रुळांवरची अंगमेहनत.

व्हाइट कोर्टात गेल्या. एवढं उघड कारण असूनही ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, लिंगभेदाचा दावा मान्य केला नाही. सूडाचा मात्र केला. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि कसोटी घालून दिली: अशा वागणुकीने एखादा समंजस कामगार तक्रार करायला कचरेल का? तिथे हे बाई म्हणून झालं, असं आधी सिद्ध करावं लागत नाही. माझ्या मते आयोजकांनी पहिल्यांदा हाच प्रश्न धरून बसावं. लिंगभेदाचा पुरावा हाती असेल तर तो त्याच्या जोडीला मांडावा.

व्हाइट यांना पुढे ३७ दिवस बिनपगारी निलंबितही केलं होतं. नंतर पगार चुकता केला, मग नुकसान कसलं, असं रेल्वे कंपनीने विचारलं. न्यायालयाने ते ऐकलं नाही. तो ख्रिसमस घरात पैसा नसताना गेला होता, आणि कामावर परत घेतील की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं.