पुस्तक वाचून आलेला मुलाखतकार

श्रोतेहो, नमस्कार. आज शिफारस 'बुकवर्म'ची. लेखकांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मुलाखती. कॅलिफोर्नियातल्या केसीआरडब्ल्यू रेडिओवर १९८९ ते २०२२ या काळात मायकेल सिल्व्हरब्लॅट यांनी त्या घेतल्या. त्यांचा नेम असा, की नवं पुस्तक तर वाचायचंच, पण त्या लेखकाची आधीची सगळी पुस्तकंही वाचून मगच माइकसमोर बसायचं. पुन्हा सांगतो, आधीची सगळी.

त्याचा गुण १९९६च्या एका भागात कळतो. समोर डेव्हिड फॉस्टर वॉलेस. 'इन्फिनिट जेस्ट' ही त्यांची कादंबरी नुकतीच आलेली, हजाराहून जास्त पानं, त्यांतली शंभरेक नुसत्या टिपांची. सिल्व्हरब्लॅट सुरुवातीलाच म्हणाले, की यात एखादा विषय आधी लहान रूपात येतो, मग इतर विषय पसरतात, आणि तो पुन्हा मोठा होऊन येतो. 'हे विज्ञान मला कळत नाही, पण हे फ्रॅक्टल असावं,' असंही ते म्हणाले. फ्रॅक्टल म्हणजे तोच आकार लहान-मोठ्या रूपात पुन्हापुन्हा येणारी रचना. वॉलेस खूश झाले. म्हणाले, बरोबर, रचना सिअरपिन्स्कीच्या त्रिकोणाची आहे. कागदावर काढून बघा: त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडा, मधला त्रिकोण काढून टाका, उरलेल्या तिघांत पुन्हा तेच करा, करत राहा. वॉलेस पुढे सांगतात, १९९४ साली संपादकाला दिलेला खर्डा तसा होता. काटछाट झाली आणि आता त्रिकोण जरा कललाय. पुस्तकाचा सांगाडा असा लेखकाच्या तोंडून बाहेर आला, कारण विचारणाऱ्याने ते नीट वाचलं होतं.

आपल्याकडे अजून 'लेखनाकडे कसे वळलात?' इथूनच सुरुवात होते, निम्मा वेळ शाल-श्रीफळात जातो. रत्नागिरीत १८२८पासूनचं नगर वाचनालय असताना मुलाखतकाराने पुस्तक न वाचता यावं, हे मला मुळीच पटत नाही.

आता ऐकायचं कसं. रेल्वेच्या प्रवासात ऐकणार असाल तर भाग घरूनच डाउनलोड करून घ्या. कोकण रेल्वेचा कारबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आत रेंजचा भरवसा नाही. १२८ केबीपीएस दर्जाच्या ध्वनीफाइलला अर्धा तास म्हणजे साधारण तीस एमबी. पाऊस पत्र्यावर वाजत असेल तर इअरफोन लावा. वेग दीडपट करू नका, सिल्व्हरब्लॅट सावकाश, थांबत बोलतात, आणि त्या थांबण्यातच लेखक विचार करतो. इंग्रजी निसटलं तर पंधरा सेकंद मागे जा. आणि सुरुवात करा तुम्ही वाचलेल्या लेखकापासून, कारण न वाचलेल्या पुस्तकाचं रहस्य तिथे फुटू शकतं.